केळ कोणीकडे पडली

जळगावच्या ज्या दवाखान्यात संघमित्रा बिऱ्हाडे नोकरी करते, तिथे तिच्या वॉर्डात पेशंटच्या कॉटवर बसून डबा खाण्याची कोणाची टाप नाही. ती ओरडत नाही. नुसती दाराशी उभी राहून बघते, आणि नातेवाईक डब्याला झाकण लावून उठतात. ‘आज जरा बरं वाटतंय म्हणे’, ‘काल फार ताप होता म्हणे’ असल्या ‘म्हणे’ला तिच्याकडे शून्य किंमत. “चार्टवर काय आहे ते सांगा,” एवढंच ती म्हणते. ट्रेनिंग संपवून आलेल्या नव्या पोरी तिला पाठीमागे ‘चार्टमावशी’ म्हणतात. तिला ते माहीत आहे.

अशा बाईने गेल्या ऑक्टोबरात एक चार्ट उलटा वाचला, आणि त्यापायी धुळ्याहून जीपभर माणसं तिच्या दारावर रडायला आली. एरवी भाजीवालीच्या काट्यावरही नजर ठेवणारी ही बाई फसली कशी, याचं उत्तर असोद्याच्या केळीच्या बागेत आहे.

संघमित्राची मुलगी प्राची बोटीवर आहे. मोठ्या मालवाहू बोटीवर डेक कॅडेट, म्हणजे अधिकारी व्हायच्या आधीची उमेदवारी. जळगावच्या पोरीने समुद्रावर जावं हे घरात कोणालाच पटलेलं नव्हतं. नवरा समाधान धुळ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. तो तिकडेच खोली घेऊन राहतो आणि रविवारी घरी येतो. तो म्हणाला होता, “तिला तापी सोडून दुसरं पाणी माहीत नाही.” संघमित्राची धुळ्याला दिलेली मोठी बहीण बेबाबाई, जिला सगळे अक्का म्हणतात, ती म्हणाली होती, “बी.एड. करू दे, शाळेत लागीन, डोळ्यासमोर राहीन.” संघमित्रा एकटी प्राचीच्या बाजूने उभी राहिली. भांडली, फॉर्म भरला, मेडिकल तपासणीला मुंबईला घेऊन गेली. त्यामुळे पोरीला समुद्रावर साधी सर्दी झाली तरी तिचा हिशेब आपल्याच नावावर लागणार, हे ती पहिल्या दिवसापासून जाणून होती.

बोट ऑस्ट्रेलियातून कोळसा भरून जपानला निघाली होती. वाटेत नेट असलं की प्राची व्हिडिओ कॉल करायची. अशाच एका कॉलमध्ये ती म्हणाली, “मम्मी, मी पण आता तुझ्यासारखीच चार्ट भरते. ड्यूटीवर ठरलेल्या वेळी हवेचा दाब बघायचा, वारा कुठून येतोय, किती जोरात, लाटा केवढ्या, ढग कसले, सगळं लिहून हवामानखात्यांना पाठवायचं. सगळ्या बोटी पाठवतात. वादळ कुठे आहे, कुठे चाललंय, हे समुद्रात त्यावरूनही कळतं. तूच सांग, समुद्राच्या मधोमध दुसरं कोण आहे बघायला?”

“जेवलीस का?” संघमित्रा म्हणाली.

“मम्मी! ऐक ना. तुला लिंक पाठवते. नकाशावर प्रत्येक बोटीचं एक टिंब असतं. नावं नसतात हं, चाच्यांच्या भीतीने लपवतात. टिंबाला एक काडी असते, ती वाऱ्याची. काडीला जेवढे फराटे जास्त, तेवढा वारा जास्त. आणि एक नियम सांगते, आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि डावा हात पसरायचा. वादळाचा गाभा त्या हाताच्या अंगाला. आपल्या अर्ध्या पृथ्वीवर कुठेही हेच.”

“मला काय बोट चालवायचीय? डाळ करपतेय इकडे.”

“थांब ना, काडी कशी वाचायची ते—”

कुकरची शिटी झाली, डाळीला वास सुटला, आणि संघमित्राने फोन ठेवला. काडी कशी वाचायची ते राहूनच गेलं. एवढंच राहिलं.

पुढे आठवडाभरात पॅसिफिकमध्ये वादळ उठलं. तिकडे त्याला टायफून म्हणतात. कुठल्याशा देशाने त्याला फुलाचं नाव दिलं होतं, आणि टीव्हीवाले ते नाव घेताना असा आवाज काढत होते, जणू ते शेजारच्या नशिराबादपर्यंत येऊन ठेपलंय. प्राचीचा एक आवाजी निरोप आला. मागे कसलीशी खडखड चालली होती. “मम्मी, वादळाच्या वाटेतून बाजूला होतोय आम्ही. इथे वारा पश्चिमेकडून सुटलाय, वाढतोय. बोट हलायला लागली की नेट जातं, तेव्हा फोन लागणार नाही. काळजी करू नको. आबांना सांगू नको.”

बाजूला म्हणजे कुठल्या बाजूला? वर, की खाली? संघमित्राने तो निरोप किती वेळा ऐकला याला गणती नाही. मग तिने बोटीच्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसला फोन लावला.

“मॅडम, व्हेसल सेफ आहे,” पलीकडचा माणूस म्हणाला.

“कुठे आहे?”

“सेफ पोझिशनला आहे.”

“म्हणजे कुठे? वादळाच्या उत्तरेला की दक्षिणेला?”

“मॅडम, कॅप्टन अनुभवी आहेत. योग्य तो निर्णय घेतलेला आहे.”

“अहो, मी नर्स आहे. ‘पेशंट ठीक आहे’ हे मी पण रोज दहा जणांना सांगते. मला आकडा सांगा.”

“मॅडम, तुम्ही पॅनिक होऊ नका.”

ती पॅनिक होत नव्हती. ती चिडली होती, आणि या दोन गोष्टींतला फरक पुरुषांना फोनवरून कळत नाही असा तिचा अनुभव होता. समाधानला फोन केला तर तो म्हणाला, “मी तेव्हाच सांगत होतो.” तेव्हा सांगितलेलं आता कुठल्या बोटीला लावू, असं विचारून तिने तोही फोन ठेवला आणि प्राचीने पाठवलेली लिंक उघडली. मोबाइलवर सगळी टिंबं मुंग्यांसारखी दिसत होती. तेव्हा स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून नकाशा मोठ्या कागदावर छापून आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी ठेवली.

आबांना सांगू नको म्हणून आबा थांबणार होते थोडेच. देवचंद आबा हे संघमित्राचे सासरे. असोद्याला थोरल्या मुलाकडे राहतात, केळीची बाग अजून स्वतः बघतात. टीव्हीवर वादळ बघून दुसऱ्याच दिवशी ते कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आले. हातात केळीची फणी.

“पोरगी कुठे हाये ते सांग पहिले,” ते दारातूनच म्हणाले.

“ठीक आहे आबा. बसा. पाणी घ्या.”

“ठीक हाये त मंग हा कागद कायचा?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने नकाशा दाखवला. मधोमध वादळाची खूण, ती हवामानखात्यानेच दिलेली. वादळ उत्तरेकडे सरकत होतं. आजूबाजूला बऱ्याच बोटींची टिंबं, पण प्राचीच्या वाटेवर दोनच: एक वादळाच्या वर उत्तरेला, एक खाली दक्षिणेला. प्राचीची बोट पुढे पळाली असेल तर ती वरची. थांबली असेल तर खालची. वरची असली तर वादळ तिच्या पाठीवर चालून येतंय. खालची असली तर लांब जातंय.

“नाव नाही का लिहेल?”

“चोरांच्या भीतीने लिहीत नाहीत. प्राचीने एवढंच सांगितलंय की तिच्याकडे वारा पश्चिमेकडून येतोय. तर ज्या बोटीवर पश्चिमेचा वारा, ती तिची. ही काडी वाऱ्याची आहे. पण काडीच्या कुठल्या टोकाकडून वारा धरायचा, तेच कळत नाही मला.”

आबांनी चष्मा पुसला, कागदावर वाकले, आणि हसले. “आवं पोरी, ही त पडेल केळ!”

“काय?”

“हे पाहाय. हे टिंब म्हंजे जमिनीतला गड्डा. हे खोड. आन् हे फराटे म्हंजे शेंड्याची पानं. गड्डा जागेवर राहातो, केळ आडवी पडते. वारा गड्ड्याकडून आला आन् शेंड्याकडे गेला. केळ दुसरी कशी पडीन?”

आणि खरंच, एकदा तसं बघितल्यावर ते दुसरं काही दिसेचना. कागदभर केळीच केळी आडव्या पडलेल्या. असोद्यात लग्न होऊन आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात संघमित्राने वादळाने झोपवलेली बाग पाहिली होती. सगळे शेंडे एका दिशेला, जणू कोणी कंगवा फिरवलाय. आबा पडलेल्या बागेत उभे राहून शेंडे बघायचे आणि वारा कुठून घुसला ते ओळखायचे, मग त्या अंगाला शेवरीचं कुंपण दाट करायचे. आजूबाजूचे शेतकरी त्यांनाच विचारायला यायचे. या कामात आबा चुकल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं.

वरच्या बोटीची काडी पूर्वेकडे होती. शेंडा पूर्वेला, म्हणजे आबांच्या हिशेबाने वारा पश्चिमेकडून. खालच्या बोटीची काडी पश्चिमेकडे, म्हणजे वारा पूर्वेकडून.

“वरची,” आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

“वरची,” संघमित्रा म्हणाली.

इथून पुढचे दिवस घराने कसे काढले ते शेजारच्या डिंपलला विचारा. ती रोज संध्याकाळी डोकवायची आणि रोज तोच प्रश्न विचारायची, “काकू, बोट कुठे पोचली?” बोट म्हणजे जणू महामंडळाची गाडी, पारोळा सुटली, एरंडोलला आली. दिवसातून चारदा नवा नकाशा निघायचा आणि संघमित्रा चारदा झेरॉक्सच्या दुकानात जायची. झेरॉक्सवाला म्हणाला, “ताई, शेअर मार्केटचं आहे का?” आबा असोद्याला परत गेलेच नाहीत. सोफ्यावर बसून त्यांनी वरच्या बोटीवर पहारा ठेवला.

“पानं वाढली,” ते सांगायचे. “काल इतकी नव्हती.”

“दिसतंय मला, आबा.”

“एक तिकोनी पान फुटलं.”

“दिसतंय.”

टिंबाशेजारी हवेच्या दाबाचा आकडा असायचा. तो प्रत्येक नकाशात उतरत होता. दाब उतरणं म्हणजे काय हे संघमित्राला कोणी सांगायची गरज नव्हती. आयुष्य तिने तेच बघण्यात घालवलं होतं. पण वॉर्डात दाब उतरला की हात चालतात. सलाइन लावता येतं, डॉक्टरांना बोलावता येतं, कॉटचा पायथा उचलता येतो. इथे नुसतं बघायचं. आणि बाहेर जळगावात झाडाचं पान हलत नव्हतं, ऑक्टोबरच्या उकाड्याने जीव नकोसा झाला होता, गॅलरीत वाळत घातलेला रुमालसुद्धा तसूभर हलत नव्हता. पश्चिमेच्या खिडकीतला कूलर, जो गणपतीनंतर झाकून ठेवला होता, तो पुन्हा सुरू करावा लागला.

तिने परत मुंबईला फोन केला. “तुमची बोट वादळाच्या तोंडात चाललीय. मी नकाशावर बघतेय.”

“मॅडम, कुठला नकाशा?”

“बोटींचे रिपोर्ट असलेला.”

“मॅडम, ते टेक्निकल असतं. तुम्हाला ते कळणार नाही.”

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. पुढच्या पाच मिनिटांत त्याला कळलं की जळगावात आवाज न चढवताही माणसाला सोलता येतं. पण तो माणूस चुकीचं बोलला नव्हता, हे मागाहून आठवलं की तिला आजही स्वतःचाच राग येतो.

मग एका सकाळच्या नकाशात वरची बोट नव्हतीच. टिंबच नाही. तिने दुकानातच कागद उलटापालटा केला, छपाई नीट नाही म्हणून झेरॉक्सवाल्याशी भांडली, दुसरा काढायला लावला. त्यातही नाही. घरी येऊन आबांसमोर ठेवला. ती आंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी धुळ्याला समाधानला फोन केला, आणि एवढंच सांगितलं की बोट नकाशात दिसत नाही, तू ये.

समाधानने रजा मागताना साहेबाला कारण सांगितलं. साहेबाच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या कंडक्टरने ते ऐकलं. तो कंडक्टर अक्काच्या गल्लीतला. गल्लीत पोचेपर्यंत न दिसलेली बोट बुडाली होती, आणि अक्काने पातळ बदलून जीप सांगितली.

खानदेशात कोणाकडे वाईट झालं की ‘दारावर’ जायचं असतं. फोन करून विचारत बसणं तिथे बरं दिसत नाही. विचारायचं काय, आधी पोचायचं. शिवाय दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून जेवण सोबत न्यायचं. त्या दुपारी संघमित्राने दार उघडलं तेव्हा पायरीवर अक्का, मागे भाऊ अभिमन, वहिनी, दोन मावश्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, आणि सगळ्यांच्या मागे मान खाली घातलेला समाधान. अभिमनच्या हातात पिठल्याचं पातेलं आणि भाकरींचं गाठोडं. ते पातेलं बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की ही माणसं कशाला आली आहेत.

“माय वं! मन्ही सोन्यासारखी पोर कथी गयी वं!” अक्काने उंबऱ्यातच गळा काढला आणि संघमित्राला मिठी मारली.

“अक्का, थांब. अक्का, काही कळलेलं नाही अजून.”

“तुना फोन लागे ना! बठ्ठा येल शेतस, तू रड. मोकळी रड.” सगळे आलेत, आता कशाची लाज, असा अक्काचा सूर.

“मला रडायचं नाहीये! कोणी सांगितलं तुला?”

अक्काने समाधानकडे बोट दाखवलं. समाधानने आबांकडे बघितलं. आबांनी कूलरकडे.

“मी ‘दिसत नाही’ म्हटलं होतं फक्त,” समाधान पुटपुटला.

“आन् मी बी तेच म्हटलं होतं,” आबा म्हणाले.

“मग बुडवली कोणी?” संघमित्राने विचारलं. वहिनीने हलकेच पातेलं उचललं आणि गरम करायला स्वयंपाकघरात नेलं. मावश्या तिच्या मागोमाग. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. एका मावशीचं कुजबुजणं सगळ्यांना ऐकू आलं, “मी त पहिल्यापासून म्हणे, पोरीच्या जातीला पाणी वाईट.”

बाहेरच्या खोलीत अक्का संघमित्राला सोडायला तयार नव्हती. खोली केवढीशी! पश्चिमेच्या खिडकीत कूलर, पूर्वेला दार, उत्तरेला स्वयंपाकघर. संघमित्राची पाठ कूलरकडे होती आणि ओला गार वारा थेट तिच्या पाठीवर येत होता. घामाने भिजलेल्या ब्लाउजला तो लागला आणि तिला शिरशिरी आली. अक्काने तिचा डावा हात धरून आत ओढायला सुरुवात केली होती. “चाल, दोन घास खाई ले. चाल बईन.”

पाठीवर वारा. डावा हात पसरलेला.

संघमित्रा जागच्या जागी थिजली.

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि डावा हात पसरायचा. वादळाचा गाभा त्या हाताच्या अंगाला. प्राचीकडे वारा पश्चिमेकडून होता. आपल्याकडे आत्ता वारा पश्चिमेकडूनच येतोय. मग प्राचीने पाठ केली तर तोंड दाराकडे, पूर्वेला. आणि डावा हात?

“स्वयंपाकघरात,” ती मोठ्याने म्हणाली. “वादळ स्वयंपाकघरात आहे.”

अक्काने तिचा हात सोडला आणि दोन पावलं मागे सरली. अभिमनने समाधानकडे बघून हळूच कपाळाला बोट लावलं.

“उत्तरेला! वादळ तिच्या उत्तरेला आहे. म्हणजे ती दक्षिणेला. ती खालची बोट आहे, वरची नाही! आबा, इकडे या. कूलरसमोर उभे राहा.”

“मी कशाला?”

“उभे राहा म्हणते ना!”

सुनेने सासऱ्याला असं कधी म्हटलं नव्हतं. आबा उठले आणि निमूटपणे कूलरकडे पाठ करून उभे राहिले. तिने त्यांचा डावा हात धरून पसरला. हाताच्या टोकाशी, स्वयंपाकघराच्या दारात, वहिनी डाव घेऊन बघत उभी होती.

“हे प्राचीने सांगितलंय. हे चुकणार नाही. म्हणजे आपली काडी चुकली. वारा शेंड्याकडून येतो आबा, गड्ड्याकडून नाही.”

“शेंड्याकडून?” आबांचा हात अजून पसरलेलाच होता, पण आवाज चढला. “आन् केळ काय मंग वाऱ्याच्या तोंडावर पडते? मी इतकी वर्सं बागा पाहू राहिलो, वाऱ्याच्या अंगाला पडेल केळ मले एक दाखव!”

“आबा, ही केळ नाहीये!”

“केळीसारखी त दिसते!”

“दिसू द्या! बाणाच्या शेपटीला पिसं असतात, तशी ती पिसं आहेत. बाण टिंबावर येऊन लागलाय. टिंबापासून निघालेला नाही.”

समाधान कधी नव्हे तो पुढे आला, टेबलावरचे सगळे नकाशे ओढून त्याने एकावर एक लावले. मेकॅनिकच तो, कुठला नट उलटा बसलाय हे एकदा कळलं की त्याचे हात चालतात. खालची बोट प्रत्येक नकाशात होती. सकाळच्याही होती. काडीवरचे फराटे कमी होत चालले होते, दाबाचा आकडा हळूहळू वर चढत होता.

“हीच?” त्याने विचारलं.

“हीच.”

“नक्की?”

हा प्रश्न संघमित्रा स्वतः इतरांना विचारत आली होती. “नियमाने तीच,” ती म्हणाली. “पण फोन आल्याशिवाय कोणी हसू नका.”

कोणी हसलं नाही. पण अक्का पदराने डोळे पुसत म्हणाली, “मंग आते हाई पिठलं काय करानं?” आणि एवढी माणसं धुळ्याहून आलेली, उन्हातून, उपाशी. शेवटी सगळे जमिनीवर ओळीने बसले आणि दारावर आणलेलं पिठलं-भाकर दारावरच्याच लोकांनी खाल्लं. संघमित्राने कांदा फोडून दिला. स्वतः खाल्लं नाही. अक्का दर घासाला दरवाजाबाहेर बघायची, कारण डिंपल सगळ्या कॉलनीला सांगून आली होती आणि बाहेर चपला वाढत होत्या.

फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. पडद्यावर प्राची, डोळ्यांखाली काळं, केस तेलकट. बिचारीने एवढंच विचारलं, “मम्मी, घरात इतकी माणसं कशाला? आज काय आहे?”

संघमित्राने इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या एका क्षणी बाहेर पडलं. “काय आहे? काय आहे विचारतेस? काडी कशी वाचायची ते नीट सांगता येत नव्हतं? बाजूला झालोय म्हणे! कुठल्या बाजूला? दिशा नावाची काही चीज शिकवतात का नाही तुम्हाला तिथे?”

“मम्मी, मी सांगत होते, तूच डाळ करपतेय म्हणून फोन—”

“मला उलटून बोलू नको!”

“वादळाच्या खाली थांबलो होतो आम्ही. ते वर निघून गेलं. खूप हललो, दोन दिवस उलट्या केल्या, बाकी ठीक आहे. मम्मी, तू रडतेयस?”

“कूलरचं पाणी उडतंय,” संघमित्रा म्हणाली.

मग फोन हातोहात फिरला. अक्काने “जेवलीस का वं माय?” विचारलं, अभिमनने “पगार किती देतात गं?” विचारलं. आबांनी फोन अगदी तोंडासमोर धरला आणि गंभीरपणे विचारलं, “पोरी, एक सांग. वारा शेंड्याकडून येतो का गड्ड्याकडून?” प्राचीला काही कळलं नाही. ती म्हणाली, “आबा, आवाज तुटतोय.” आबांनी खुशीत मान हलवली, जणू निकाल त्यांच्या बाजूने लागला.

फोन परत आईच्या हातात आला तेव्हा संघमित्रा दाराबाहेर गेली. “प्राची, तुमच्या वरती एक बोट होती. उत्तरेला. सकाळपासून ती नकाशात नाही.”

“असेल मम्मी. इतक्या लांबचं आम्हाला कळत नाही. वारा फार असला की यंत्र बिघडतं, रिपोर्ट पाठवायला माणूस मोकळा नसतो. तसंच असेल.”

“हं,” संघमित्रा म्हणाली.

जीप धुळ्याला गेली. रिकामं पातेलं अक्का विसरून गेली. आबा असोद्याला गेले, पण रोज दुपारी त्यांचा फोन यायला लागला.

“ती वरची दिसली का?”

“आबा, ती आपली नाही. किती वेळा सांगू?”

“आपली नाही. पन कोनाची त अशीन.”

ती चिडून फोन ठेवायची आणि ठेवल्यावर लिंक उघडायची. आता छापून आणत नव्हती. मोबाइलवरच बोटांनी नकाशा मोठा करून वादळाच्या पलीकडचा समुद्र धुंडाळायची. वादळ जपानच्या बाजूने वळून विरून गेलं, टीव्हीवाले दुसऱ्या बातमीकडे वळले. एका दिवशी, जिथे त्या बोटीने जायला हवं होतं साधारण त्याच वाटेवर, किनाऱ्याजवळ एक नवं टिंब उमटलं. नाव नव्हतं. ते तेच आहे असं म्हणायला चार्टवर काहीसुद्धा आधार नव्हता. वॉर्डात कोणी एवढ्यावर ‘तोच पेशंट’ म्हटलं असतं तर तिने त्याला दाराबाहेर काढलं असतं.

आबांचा फोन आला. “दिसली का?”

“दिसली,” संघमित्रा म्हणाली.

पलीकडे आबांनी टीव्ही बंद केला. मग आबांनी विचारलं, “केळ कोणीकडे पडली?”

तिने पुन्हा एकदा पडद्यावर बघितलं. टिंबाला काडीच नव्हती. नुसतं गोल वर्तुळ.

“उभी आहे आबा,” ती म्हणाली. “वाराच नाही तिथे.”